छताला टांगलेला प्रोजेक्टर, नवा लॅपटॉप आणि निळा पडदा. परवा कार्यक्रम आहे, मदत करा!

रानजाई | १ जानेवारी, रात्री ८:४०

नमस्कार मंडळी, नवीन वर्षाच्या शुभेच्छा. पहिल्याच दिवशी रडगाणं घेऊन आलेय, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातवीपर्यंतची शाळा, पट ८४. आमच्या हॉलमध्ये लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर आहे, छताला पाइप लावून टांगलेला. त्याची व्हीजीए केबल (जुन्या पद्धतीची, फक्त चित्र नेणारी) केसिंग पट्टीतून भिंतीवरून खाली टेबलापर्यंत आणलीय. जुन्या लॅपटॉपला ती थेट लागायची. तो लॅपटॉप दिवाळीत गेला. माजी विद्यार्थ्यांनी नवा दिला, पण त्याला व्हीजीएचं भोकच नाही. एक एचडीएमआय (नव्या पद्धतीचं, चित्र-आवाजाचं) आणि एक टाइप सी (मोबाइलच्या चार्जरसारखं), बस्स. तालुक्याच्या दुकानातून ३५० रुपयांचा कन्व्हर्टर आणला. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्याला व्हीजीए. सगळं जोडलं आणि पडदा निळा तो निळाच.

३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती. सातवीच्या मुलींनी गावातल्या आज्यांना "तुमच्या वेळी शाळेत कोण जायचं?" एवढा एकच प्रश्न विचारून मोबाइलवर १८ मिनिटांची फिल्म केलीय. सगळ्या आज्या बघायला येणार आहेत. त्यांना मोबाइलवर दाखवू का आता?

मला संगणकातलं जेमतेम कळतं. सोपं करून सांगा.

---

अर्धा_कप | १ जानेवारी, रात्री ८:५२

विंडोजची कळ दाबून ठेवून पी दाबा. उजवीकडे चार पर्याय येतील. 'पीसी स्क्रीन ओन्ली' असेल तर प्रोजेक्टरला काहीच जात नाही. 'डुप्लिकेट' निवडा, म्हणजे लॅपटॉपवर दिसतं तेच पडद्यावर. 'एक्स्टेंड' सध्या नको. त्यात पडद्यावर नुसता वॉलपेपर दिसतो आणि माणूस "माझ्या फायली कुठे गेल्या" म्हणून ओरडतो. शेवटचा पर्याय निवडलात तर लॅपटॉपचा स्क्रीन काळा होईल, घाबरू नका, परत तेच दाबायचं.

दहातल्या सात वेळा एवढंच असतं.

---

निवांत | १ जानेवारी, रात्री ९:०५

दिवा गेला असेल. आमच्या ऑफिसात असंच झालं होतं. नवा दिवा आठ हजाराला पडला.

---

गावठी_अभियंता | १ जानेवारी, रात्री ९:१८

निवांत, दिवा गेला असता तर निळा पडदा दिसला कसा असता हो? निळा प्रकाश पडतोय म्हणजे दिवा, पंखा, आतली पाटी सगळं शाबूत आहे. प्रोजेक्टर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोचत नाही. बाईंना उगाच आठ हजाराची धडकी भरवू नका.

रानजाई बाई, बाकी काही करायच्या आधी तीन गोष्टी सांगा.

१. निळ्या पडद्यावर कोपऱ्यात किंवा मध्ये काही इंग्रजी अक्षरं येतात का? येत असतील तर जशीच्या तशी लिहा. 'काहीतरी येतं' असं नको.

२. प्रोजेक्टरला मागे किती भोकं आहेत, आणि केबल कुठल्या भोकात आहे?

३. केबल जोडलेली असताना लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले उघडा. वर चौकोन दिसतात. एकच चौकोन दिसतो की १ आणि २ असे दोन?

लोक आधी चार केबली बदलतात, मग ड्रायव्हर उडवतात, मग विंडोज नव्याने टाकतात, आणि शेवटी कळतं की प्रोजेक्टर पहिल्यापासून पडद्यावर लिहून सांगत होता. 'नो सिग्नल' आणि 'आउट ऑफ रेंज' हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत. पहिल्यात काहीच पोचत नाही. दुसऱ्यात पोचतंय, पण त्याला ते पचत नाही.

---

वायरमन_बंडू | १ जानेवारी, रात्री ९:३०

बाई, येक इचारतो. लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येतात का वो? म्हंजे केबल जोडताना कधी बारीक ठिणगी?

---

रानजाई | १ जानेवारी, रात्री ९:४४

बंडूदादा, आता तुम्ही म्हणालात म्हणून. हो, चार्जिंगला लावला की पत्र्यावर बोट फिरवलं तर झिणझिण होतं. मला वाटलं नवीन लॅपटॉप असाच असतो.

अभियंता सर, अक्षरं येतात पण मी नीट वाचली नाहीत. शाळा गावात, मी राहते तालुक्याला. उद्या सकाळी पोचल्यावर लगेच बघते. भोकांचं पण उद्याच, शिडी लागेल.

विंडोज आणि पी दाबून झालं होतं. डुप्लिकेटच आहे.

---

वायरमन_बंडू | १ जानेवारी, रात्री ९:५८

मग ऐका. उद्या बोर्डाचं बटण बंद करून मगच केबल लावा-काढा. लॅपटॉपचा चार्जर काढून, बॅटरीवर असताना जोडा. तुमच्या शाळंला अर्थिंग नाही असं माझं मन सांगतंय. अर्थिंग नसलं की चार्जरच्या आतनं थोडा थोडा करंट पत्र्यावर येतो. मीटर लावला तर नव्वद-शंभर व्होल्ट दावतो. मानूस मरत नाही त्यानं, पर एचडीएमआयचं भोक मरतं. मी दोन टीव्ही आन् येक सेट टॉप बॉक्स असा मेलेला बघितलाय.

---

पेण_पनवेल | १ जानेवारी, रात्री १०:१०

एवढा खटाटोप कशाला? ऑनलाइन सहा हजारात नवीन एलईडी प्रोजेक्टर मिळतो, १०८० पी, वायफाय, ब्लूटूथ सगळं. जुनं भंगारात द्या.

---

गावठी_अभियंता | १ जानेवारी, रात्री १०:३१

पेण_पनवेल, वाद घालायचा नाही, पण हे वाचून कुणीतरी फसेल म्हणून लिहितो. त्या खोक्यांवर '१०८० पी सपोर्टेड' लिहिलेलं असतं. म्हणजे १०८० पीचं (१९२० × १०८० ठिपक्यांचं) चित्र ते आत घेतात. बाहेर किती ठिपके टाकतात ते बारीक अक्षरात 'नेटिव्ह' या शब्दापुढे असतं, आणि तिथे कित्येकदा ८०० × ४८० किंवा फार तर १२८० × ७२० निघतं. उजेडाचंही तेच. भर दुपारी, खिडक्यांना पडदे नसलेल्या हॉलमध्ये ८०-९० माणसांसमोर तो लावून बघा. आज्यांना त्यात स्वतःचा चेहरा ओळखू येणार नाही.

बाईंचा जुना प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चा असला तरी दिव्याचा आहे. त्याचा उजेड त्या खोक्याच्या कितीतरी पट असेल.

---

पेण_पनवेल | १ जानेवारी, रात्री १०:३८

बरं बाबा. आमच्याकडे बेडरूममध्ये झकास चालतो.

---

धुक्यातली_वाट | १ जानेवारी, रात्री ११:२०

टोरांटोहून. आमच्या मंडळाच्या दिवाळीत हेच झालं होतं, फक्त वायर वेगळी. एका ताईंनी टाइप सी ते एचडीएमआय अडॅप्टर आणलेला, तो त्यांच्या लॅपटॉपवर चालायचा, आमच्यावर नाही. शेवटी कळलं की टाइप सीचं प्रत्येक भोक चित्र बाहेर काढतंच असं नाही. त्यात डिस्प्लेपोर्टची सोय दिलेली असावी लागते. भोकाशेजारी डी आणि पी जोडलेली खूण किंवा विजेचा बाण असेल तर चालतं. नुसता यूएसबीचा त्रिशूळ असेल तर बहुधा नाही.

बाईंनी एचडीएमआयच वापरावा, टाइप सीच्या नादी लागू नये.

---

रानजाई | २ जानेवारी, सकाळी १०:५५

सुप्रभात. वर्गातल्या मुलांना शुद्धलेखन देऊन लिहितेय.

निळ्या पडद्यावर मध्ये 'नो सिग्नल' आणि वरच्या कोपऱ्यात 'कॉम्प्युटर २' असं येतं.

आमचे सर शिडीवर चढले. मागे व्हीजीएची दोन भोकं आहेत, त्यांच्यावर कॉम्प्युटर १ आणि कॉम्प्युटर २ लिहिलंय. एक एचडीएमआयचं पण आहे! ते कधी कुणी वापरलंच नाही. आपली केबल कॉम्प्युटर १ मध्ये आहे.

म्हणजे प्रोजेक्टर दुसऱ्याच दारात उभा राहून वाट बघतोय का?

लॅपटॉपवर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात.

---

अर्धा_कप | २ जानेवारी, सकाळी ११:०२

बरोब्बर! रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट'चं बटण असेल. कॉम्प्युटर १ येईपर्यंत दाबा. हे कधी बदललं असेल? मध्ये कुणी वापरला होता का?

---

रानजाई | २ जानेवारी, सकाळी ११:०९

दिवाळीच्या सुट्टीत हॉलमध्ये कसलंसं प्रशिक्षण झालं होतं, त्यांनी आपली केबल आणून लावली असणार.

रिमोट चालत नाहीये. नवे सेल घातले तरी.

---

खिडकीजवळ | २ जानेवारी, सकाळी ११:१५

रिमोट मेलाय की प्रोजेक्टर ऐकत नाही हे बघायची युक्ती: मोबाइलचा कॅमेरा चालू करा, शक्यतो सेल्फीचा. रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा. मोबाइलच्या स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठणठणीत आहे. डोळ्यांना तो उजेड दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात कधी कधी तो अडवलेला असतो, म्हणून पुढचा.

---

रानजाई | २ जानेवारी, सकाळी ११:३०

ठिपका नाही. सेल काढून बघितलं तर आत जुन्या सेलचं पांढरं-हिरवं पाझरलेलं. पट्ट्या गंजल्यात.

---

वायरमन_बंडू | २ जानेवारी, सकाळी ११:३६

पट्टीवर बारीक पॉलिश पेपर मारा, नसंल तर नखं घासायची कानस चालंल. तवर प्रोजेक्टरच्या डोक्यावरचं बटण झाडूच्या दांड्यानं दाबा की. हाय काय, नाय काय.

---

रानजाई | २ जानेवारी, दुपारी १२:२०

झाडूचा दांडा चालला!!

कॉम्प्युटर १ वर आणलं. निळा पडदा गेला, पण चित्र नाही. आता काळ्या पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' लिहून येतं. मुली म्हणाल्या, "बाई, निदान अक्षरं तरी बदलली."

---

गावठी_अभियंता | २ जानेवारी, दुपारी १२:४१

मुली हुशार आहेत. अक्षरं बदलली म्हणजे आजार बदलला. आता चित्र पोचतंय.

जरा इतिहास सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. व्हीजीए आयबीएमनं १९८७ साली आणलं. तेव्हा संगणक आंधळेपणाने चित्र पाठवायचा, समोर कोण बसलंय त्याला ठाऊक नसायचं. १९९४ मध्ये एक सोय आली. पडदा किंवा प्रोजेक्टर जोडल्याबरोबर संगणकाला एक छोटी चिठ्ठी देतो. १२८ बाइटची. त्यात लिहिलेलं असतं की माझं नाव अमुक, माझे ठिपके इतके, मला इतक्या वेगाचं चित्र चालतं. ती चिठ्ठी व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून जाते. एचडीएमआयमध्येही अशीच चिठ्ठी असते, वाट वेगळी.

तुमच्या कन्व्हर्टरला प्रोजेक्टरकडून चिठ्ठी मिळाली नाही. मग काही कन्व्हर्टर काय करतात, तर स्वतःच्या खिशातली ठरलेली चिठ्ठी लॅपटॉपला देतात: '१९२० × १०८० पाठव.' लॅपटॉप बिचारा खरं मानून पाठवतो. तुमच्या जुन्या प्रोजेक्टरला एवढा घास गिळता येत नाही.

आत्ता लगेच करायचं: डिस्प्ले सेटिंग्जमध्ये खाली 'डिस्प्ले रिझोल्यूशन' (चित्र किती ठिपक्यांचं पाठवायचं ते) आहे तिथे १०२४ × ७६८ निवडा. लॅपटॉपवरची अक्षरं फुगतील, चालेल. १५ सेकंदांत 'कीप चेंजेस' दाबायचं, नाहीतर परत पहिल्यासारखं होतं.

---

रानजाई | २ जानेवारी, दुपारी १२:५८

आलं! आलं! आलं!

पहिली आजी पडद्यावर आली तेव्हा हॉलमध्ये जो काही आरडाओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातून सर बघायला आले. सगळ्यांचे मनापासून आभार 🙏

---

निवांत | २ जानेवारी, दुपारी १:०५

अभिनंदन. दिवा नव्हता तर. धागा बंद करायला हरकत नाही.

---

मधला_बाक | २ जानेवारी, दुपारी १:२०

बंद व्हायच्या आत माझं पण घ्या, थोडं अवांतर. आमच्या सोसायटीत क्रिकेटची मॅच प्रोजेक्टरवर लावली. लॅपटॉपचा डेस्कटॉप दिसतो, फोटो दिसतात, पण मॅचचं ॲप लावलं की चित्राच्या जागी काळं आणि समालोचन मात्र ऐकू येतं. आम्ही पण हाच एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर वापरतो. रिझोल्यूशन बदलून झालं.

---

खिडकीजवळ | २ जानेवारी, दुपारी १:३४

मधला_बाक, तुमचा आजार तिसराच. पैसे देऊन बघायच्या ॲपांचं चित्र कुलूप लावून पाठवतात, आणि समोरच्या यंत्राकडे किल्ली आहे का ते वाटेत तपासलं जातं. व्हीजीएमध्ये किल्लीची सोयच नाही, त्यामुळे काळं. एचडीएमआयने थेट प्रोजेक्टरला जोडा. मध्ये फाटे फोडणारा स्प्लिटर नको. बहुतेक चालेल.

---

रानजाई | २ जानेवारी, दुपारी ३:१०

गेलं परत 😭

आमच्या सरांना भाषण करताना स्वतःची टिपणं लॅपटॉपवर आणि फोटो पडद्यावर असं हवं होतं. त्यांनी विंडोज-पी करून एक्स्टेंड केलं. लगेच आउट ऑफ रेंज. डुप्लिकेटवर आणलं की दिसतं. सरांचं म्हणणं, लॅपटॉपमध्येच खोट आहे.

---

गावठी_अभियंता | २ जानेवारी, दुपारी ३:२६

लॅपटॉप निर्दोष आहे. विंडोज डुप्लिकेटचं रिझोल्यूशन वेगळं लक्षात ठेवतं आणि एक्स्टेंडचं वेगळं. एक्स्टेंडला गेल्यावर त्याने पुन्हा ती खोटी चिठ्ठी वाचली. २ नंबरच्या चौकोनावर टिचकी मारून त्याचं पण १०२४ × ७६८ करा, दिसेल.

पण मला ती चिठ्ठी का येत नाही याची रुखरुख आहे. दोषी दोघांपैकी एक: कन्व्हर्टर किंवा पंधरा मीटरची केबल. घरी सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल असते, दीड मीटरची. ती आणता येईल का? शिडीवर लॅपटॉप नेऊन थेट प्रोजेक्टरच्या एचडीएमआयमध्ये जोडून बघा. तिथे आपोआप नीट चित्र आलं तर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोघेही सुटले. मग मधल्या भागात शोधायचं. विहिरीत पडलेली बादली काढताना कसं आधी दोर ओढून बघतो, तसं.

---

रानजाई | २ जानेवारी, दुपारी ४:०५

केबल शिपाईमामांनी घरून आणली. सर शिडीवर, हातात लॅपटॉप, खाली दोन मुली शिडी धरून, आणि मी "पडेल पडेल" करत. बॅटरीवर जोडलं, बंडूदादा.

काही न करता चित्र आलं. एक्स्टेंडमध्ये पण. डिस्प्लेच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये प्रोजेक्टरचं मॉडेलसकट नाव दिसलं. मघाशी तिथे तीन इंग्रजी अक्षरं आणि काही आकडे, असलं काहीतरी होतं.

---

गावठी_अभियंता | २ जानेवारी, दुपारी ४:११

म्हणजे खरी चिठ्ठी पोचली. आता टेबलाकडचं व्हीजीएचं टोक हातात घ्या. आत पिनांच्या तीन ओळी आहेत, पाच-पाच. सगळ्या सरळ आहेत का, उजेडात नीट बघा. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा.

आठव्या-नवव्या जागी एखादी पिन मुळातच नसेल तर घाबरू नका, ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींना बनवतानाच देत नाहीत.

---

रानजाई | २ जानेवारी, दुपारी ४:३०

तिसऱ्या ओळीत दुसरी पिन झोपलीय! अगदी आडवी, शेजारणीला टेकून.

---

गावठी_अभियंता | २ जानेवारी, दुपारी ४:३३

पहिल्या ओळीत १ ते ५, दुसरीत ६ ते १०, तिसरीत ११ ते १५. तिसऱ्या ओळीतली दुसरी म्हणजे १२. सापडला चोर. उलट्या टोकाने मोजलीत तर ती १४ निघेल, पण चिठ्ठी अडकलीय त्यावरून १२च असणार.

पेन्सिलीचं शिसं काढलेली क्लच पेन्सिल किंवा शाई संपलेली बारीक रिफील त्या पिनेवर घाला आणि हळूच उभी करा. एकदाच. दोनदा मागेपुढे केलीत की तुटते.

---

सोलापुरी_चादर | २ जानेवारी, दुपारी ४:४५

पिनांचं निघालंच आहे तर: चित्र दिसतं पण रंग विटलेले असतील तेव्हाही हाच प्रकार असतो. १, २, ३ या पिनांवरून लाल, हिरवा, निळा जातात. सगळं पिवळट दिसलं तर निळा पोचत नाहीये. जांभळट-गुलाबी दिसलं तर हिरवा गायब. आकाशी दिसलं तर लाल. आमच्या कॉलेजात एक वर्ष सगळे तक्ते पिवळे बघितले, प्राध्यापकांना वाटायचं प्रोजेक्टर म्हातारा झालाय. लॅब असिस्टंटने केबलीचे दोन्ही स्क्रू नीट आवळले आणि म्हातारा तरुण झाला.

ते स्क्रू आवळायला कुणाला वेळ नसतो. केबल लोंबकळते, कुणाचा तरी पाय अडकतो, कोणीतरी तिरकी घुसवतं आणि पिन झोपते.

---

रानजाई | २ जानेवारी, सायंकाळी ५:२०

मराठीच्या पेपराला वापरायची क्लच पेन्सिल कामी आली. पिन उभी राहिली. बोर्ड बंद करून जोडलं. आता त्याच लांब केबलीतून, कन्व्हर्टरमधून, लॅपटॉपला प्रोजेक्टरचं नाव दिसतं. रिझोल्यूशन त्याचं त्याने १०२४ × ७६८ घेतलं. एक्स्टेंड पण चालतं. सर खूश.

पण आता आवाज गेला. आज्या बोलतायत आणि ऐकू येत नाही! मघापर्यंत लॅपटॉपमधून येत होता. स्पीकरची पिन लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात आहे.

---

अर्धा_कप | २ जानेवारी, सायंकाळी ५:२४

शेवटचा अडथळा, सोपा आहे. एचडीएमआयमधून आवाजही जातो, म्हणून लॅपटॉपने आवाज तिकडे वळवला. तुमच्या केबलीचं पुढचं टोक व्हीजीए, त्यातून आवाज जाऊच शकत नाही. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारा, शेजारच्या बाणावरून यादी उघडा, त्यात 'स्पीकर्स' किंवा 'हेडफोन' निवडा. प्रोजेक्टरच्या नावाचं सोडा.

---

रानजाई | २ जानेवारी, सायंकाळी ५:२९

आला आवाज. हॉलला कुलूप लावून निघतेय, शेवटची एसटी ६ ची आहे. उद्या सकाळी कुणी केबलीला हात लावायचा नाही म्हणून फळ्यावर लिहून ठेवलंय.

---

वायरमन_बंडू | २ जानेवारी, रात्री ८:१५

बाई, उद्या कार्यक्रम संपला की प्रोजेक्टरचं बटण बंद करून लगेच मेन बंद करू नका. आतला पंखा थांबंस्तवर दम धरा. दिवा तापलेला असतो, पंखा अर्ध्यात थांबला की दिव्याचं आयुष्य जातं. आन् मधीच लाइट गेली तर आल्याबरोबर चालू व्हायचा नाही, गार झाल्यावरच पेटंल. त्या टायमाला घाबरून बटणं दाबत बसू नका.

---

रानजाई | ३ जानेवारी, दुपारी ३:४०

झाला कार्यक्रम.

बंडूदादांची जीभ काळी आहे. अकराव्या मिनिटाला लाइट गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फक्त पंखे आणि दोन ट्यूब. सात-आठ मिनिटांनी लाइट आली, प्रोजेक्टर पेटेना. सर उठले होते शिडीकडे, मी त्यांना बसवलं. तेवढ्या वेळात ज्या आजीचं बोलणं अर्धवट राहिलं होतं त्या उठून उभ्या राहिल्या आणि पुढचं स्वतःच सांगायला लागल्या. शेणाच्या पाट्या टाकून शाळेच्या खिडकीपाशी उभ्या राहायच्या, आतली मुलं पाढे म्हणायची ते ऐकून ऐकून त्यांना पंधरापर्यंत पाठ झाले, पण अंक ओळखता येत नव्हते. मग मुलींनी त्यांना पंधराचा पाढा म्हणायला लावला. म्हटला की! न अडखळता. तोवर प्रोजेक्टर गार होऊन पेटला आणि उरलेली सात मिनिटं सगळ्यांनी बघितली.

---

धुक्यातली_वाट | ३ जानेवारी, सायंकाळी ७:५०

फिल्म कुठे बघायला मिळेल का? आमच्या मंडळात दाखवायला आवडेल.

---

रानजाई | ३ जानेवारी, रात्री ८:३५

आज्यांना विचारून सांगते. दोघींनी आधीच सांगितलंय, गावाबाहेर दाखवायची नाही.

---

गावठी_अभियंता | ४ जानेवारी, सकाळी ९:१०

बाई, पुढे कधी निधी आला तर ती व्हीजीए काढून एचडीएमआय टाकून घ्या. पण पंधरा मीटर लांबीला साधी तांब्याची एचडीएमआय बेभरवशाची असते, १०८० पीला चित्र तुटतं. तेवढ्या लांबीला ऑप्टिकल केबल घ्या. तिला तोंड आणि शेपूट असते: एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं, ते लॅपटॉपकडे, दुसऱ्यावर 'डिस्प्ले', ते प्रोजेक्टरकडे. केसिंगमध्ये घालण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा. उलटी घातली तर पुन्हा नो सिग्नल, आणि मग सगळी पट्टी उचकटावी लागेल. माझ्या हातून एकदा झालंय.

---

वायरमन_बंडू | ४ जानेवारी, दुपारी १:००

ते समदं बरोबर हाय, पर आदी अर्थिंग. नवी केबल टाकली आन् भोक जळलं तर काय करता? ग्रामपंचायतीच्या वायरमनला बोलवून टेबलाकडचा बोर्ड उघडून बघा म्हणावं.

---

रानजाई | ९ जानेवारी, सायंकाळी ६:१५

बंडूदादा, आज उघडला. तीन पिनांचं सॉकेट आहे, वरच्या मोठ्या भोकाला हिरवी वायर जोडलेलीच नव्हती. बोर्डाच्या आत ती दुमडून काळी टेप गुंडाळून ठेवलेली. बाहेर मागच्या भिंतीला गेलो तर वायर खाली जमिनीपर्यंत येते आणि तिथे नुसती एका खिळ्याला गुंडाळलीय.

---

वायरमन_बंडू | ९ जानेवारी, सायंकाळी ६:४०

हाहाहा. खिळ्याचं अर्थिंग! खड्डा खणा आता. वायरमन सांगंल तेवढा खोल, त्यात पाइप किंवा पत्रा, भोवतीनं कोळसा आन् मीठ थरावर थर. पोरं पळताना पडायची न्हाईत असं वरनं झाकण करा. आन् उन्हाळ्यात त्यात रोज बादलीभर पाणी वता, न्हाईतर माती वाळली की परत तेच.

---

रानजाई | ९ जानेवारी, सायंकाळी ६:५२

पाण्याचं काम सातवीच्या मुलींकडे देते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोण ओतणार ते मात्र बघावं लागेल, मामांना विचारते.